गणपूर्तीअभावी : एका मराठी वाहिनीच्या कार्यक्रम विभागाला खुले पत्र

प्रति,
कार्यक्रम विभाग प्रमुख,
एक मराठी मनोरंजन वाहिनी.

विषय : आपली सोसायटीवरची विनोदी मालिका बंद करण्याच्या हालचालींबाबत.

महोदय / महोदया,

मी ठाण्याला नौपाड्यात राहतो. आमची सहकारी गृहनिर्माण संस्था २८ सदनिकांची आहे आणि गेली ११ वर्षं मी तिचा मानद सचिव आहे. मानद म्हणजे पगार नाही, शिव्या आहेत. पत्रं लिहायची मला सवय आहे. पाणी खातं, वीज कंपनी, लिफ्टवाला, उपनिबंधक, सगळ्यांना लिहून झालं. टीव्ही वाहिनीला मात्र पहिल्यांदाच लिहितोय, तेव्हा विषयाच्या ओळीनंतर थोडं घसरलो तर सांभाळून घ्या.

मालिकेचं आणि वाहिनीचं नाव मुद्दामच घातलेलं नाही. तुम्हाला कळेलच. ज्यांनी ती पाहिली आहे त्यांनाही कळेल. ज्यांनी पाहिली नाही त्यांना नावापेक्षा ती काय होती हे सांगणं जास्त गरजेचं आहे. ('होती' चुकून लिहिलं. 'आहे' वाचावे.)

पंधरा दिवसांपूर्वी कानावर आलं की घोडबंदर रोडवरचा तिचा सेट महिनाअखेरपर्यंतच भाड्याने आहे, आणि पुढचे भाग लिहायचे की नाही या प्रश्नाला लेखकांना कुणी उत्तर देत नाही. हे मला कुणी सांगितलं ते लिहीत नाही, सांगणाऱ्याचं पोट त्या सेटवर आहे. तुमच्याकडून अधिकृत असं काहीच आलेलं नाही. बंद पाकिटातून मी दोन पत्रं पाठवली, त्यांची पोच अजून यायची आहे. म्हणून हे उघडं.

तर ही मालिका. एक जुनी इमारत, तिची सोसायटी, आणि प्रत्येक भाग म्हणजे एक सभा. सोसायटीतल्या गमतीजमती आपल्या टीव्हीला नव्या नाहीत. नवी आहे ती सुरुवात. प्रत्येक भागाच्या आरंभी सचिव मागील सभेचं इतिवृत्त वाचतो. म्हणजे गेल्या आठवड्यात आपण डोळ्यांनी जे पाहिलं, ते कागदावर कसं उतरलं ते ऐकायला मिळतं. दोन सभासदांनी पार्किंगवरून एकमेकांच्या गाड्यांची हवा सोडलेली असते, तिसऱ्याने मध्ये खुर्ची फेकलेली असते, आणि इतिवृत्तात येतं : 'वाहनतळाच्या विषयावर सभासदांनी उत्स्फूर्त सहभाग नोंदवला. एक खुर्ची निर्लेखित करण्यात आली.'

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो नाही. मी बायकोकडे बघितलं, तर ती आधीच माझ्याकडे बघत होती. 'उत्स्फूर्त सहभाग' हे शब्द माझे आहेत. आमच्या एका वार्षिक सभेच्या इतिवृत्तात ते माझ्याच अक्षरात आहेत, आणि त्या सभेत नेमकं काय झालं होतं ते तिला पक्कं ठाऊक आहे, कारण जिन्याखाली गेलेला माझा चष्मा तिनेच शोधून आणला होता.

मग एक भाग आला तो फक्त वॉचमनच्या रजिस्टरवर. बावीस मिनिटं पडद्यावर वहीची पानं आणि वॉचमनचा आवाज. 'कुरिअर, ५०१, घरी नाही. कुरिअर, ५०१, पुन्हा, घरी नाही. ५०१, घरी होते.' बस, इतकंच. पण त्या नोंदींमधून एका घरातलं लग्न मोडताना आपल्याला कळतं, जोडप्याच्याही आधी वॉचमनला कळतं, आणि तो ते कुणाला सांगत नाही, फक्त वेळ लिहितो. दुसरा एक भाग बंद पडलेल्या लिफ्टमधला. दिवे गेलेले, पडदा जवळजवळ काळा, पार्किंगच्या भांडणातले दोन्ही पक्ष आत. अंधारात ते सगळं मिटवतात. अगदी शहाण्यासारखं, कुणाला किती फूट जागा इथपर्यंत. मग दिवे येतात, तोंडं दिसतात आणि भांडण पहिल्यापासून सुरू होतं.

या मालिकेत आजवर एकाही पुरुषाला साडी नेसवलेली नाही. कुणाच्या जाडीवर, रंगावर, गावाकडच्या बोलीवर विनोद नाही. हे गुण म्हणून सांगायची वेळ यावी याचंच वाईट वाटतं, पण तुमच्या बाकीच्या कार्यक्रमांशेजारी ठेवलं तर सांगावं लागतं.

आणि तो पुनर्विकासाचा भाग. बिल्डरचे लोक पडद्यावर नव्या इमारतीचं चित्र दाखवतात. जलतरण तलाव, झाडं, गोऱ्या मुलांची चित्रं. पहिल्या मजल्यावरच्या आजी हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. एकच विचारतात : 'नव्या घरात माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून कोण दिसेल?' आधीच्या दहा-बारा भागांत आपण मागे कुठेतरी पाहत आलेलो असतो की दुपारी चारला या आजी आणि समोरच्या विंगमधल्या एक बाई आपापल्या खिडकीत चहा घेऊन उभ्या राहून बोलतात. त्याकडे कुणी मुद्दाम लक्ष वेधलेलं नसतं. नव्या आराखड्यात त्या जागी पोडियम पार्किंग, म्हणजे गाड्यांचा मजला आहे. सभेत कुणी काही बोलत नाही. भाग संपतो. पुढच्या आठवड्यात सचिव वाचतो : 'सभासदांनी खिडकीबाबत विचारणा केली. वास्तुविशारद उत्तर देतील.'

गडकरी रंगायतनला मी कॉलेजपासून नाटकं बघतोय. विनोदी नाटकात पुढच्या रांगेतला माणूस हसता हसता गप्प होतो ती जागा मला ओळखता येते. टीव्हीवर ती जागा मी फार कमी वेळा पाहिली आहे.

आता माझा संबंध. आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावर एका घरात तीन पावसाळे गळती होती. दर सभेत त्या बाई उभ्या राहून सांगायच्या आणि मी दर वेळी लिहायचो, 'गळतीच्या तक्रारीची नोंद घेण्यात आली.' गेल्या सप्टेंबरच्या वार्षिक सभेत मी मागचं इतिवृत्त वाचायला लागलो, 'नोंद घेण्यात आली'पाशी आलो आणि अख्खा हॉल हसला. कुणी ठरवून नाही. सगळ्यांनी मालिका पाहिलेली होती. त्या बाईही हसल्या, मग हसायच्या थांबल्या. मला पुढचं वाक्य वाचता येईना. दिवाळीच्या आत प्लंबर आला, डक्टमधला (इमारतीत पाइप जातात त्या उभ्या पोकळीतला) पाइप बदलला, भिंत सुकली. ११ वर्षांत मला कुणी तक्रार करून जे करायला लावू शकलं नाही ते त्या हशाने करवून घेतलं. हा माझा हितसंबंध, आधीच जाहीर केलेला बरा.

डक्टचा विषय निघालाच आहे तर सांगतो. शुक्रवारी रात्री साडेनऊला आमच्या इमारतीच्या डक्टमधून हसण्याचा आवाज यायचा. केबलवाले आधी हसायचे, डिशवाले क्षणभराने, आणि मोबाइलवाले दुसऱ्या दिवशी सकाळी लोकलमध्ये. आपल्याआधी वरच्या मजल्यावर हसू फुटलं की कळायचं, आता काहीतरी येतंय. असं मी टीव्हीबाबत फक्त क्रिकेटच्या मॅचला अनुभवलं होतं.

तुमचं उत्तर मला माहीत आहे. टीआरपी नाही. मी हिशेबाचा माणूस आहे, आकड्यांना शिव्या देणार नाही. २०१५ पासून हे आकडे बार्क ही संस्था काढते. देशभरात ५५ हजारांवर घरांत मीटर आहेत. कार्यक्रमाच्या ध्वनीत लपवलेली, कानाला न कळणारी खूण तो मीटर ओळखतो आणि घरातलं माणूस आपापलं बटण दाबून 'मी बघतोय' म्हणून सांगतं. दर गुरुवारी आकडे येतात. बार्कच्याच २०२० च्या अंदाजानुसार देशात टीव्ही असलेली घरं २१ कोटी. म्हणजे साधारण साडेतीन-चार हजार घरांमागे एक मीटर. आमच्याएवढ्या सव्वाशे-दीडशे इमारती पालथ्या घातल्या तर कुठे एक घर सापडावं. तरीही मी म्हणतो, हरकत नाही, शितावरून भाताची परीक्षा होते. पण भांडं तीनदा चुलीवरून उतरवायचं, झाकण उघडं टाकायचं, निम्मं पाणी ओतून द्यायचं आणि मग शीत दाबून 'कच्चं आहे' म्हणायचं, याला परीक्षा म्हणत नाहीत. शिवाय लोकलमध्ये मोबाइलवर हसणारे त्या भांड्यात मुळात धरलेलेच नाहीत.

आता तक्रारी, क्रमवार.

१. वेळ. मालिका शुक्रवार-शनिवार रात्री साडेनऊला सुरू झाली. आमच्याकडची निम्मी मंडळी बीकेसी नाहीतर फोर्टहून नऊला घरी टेकतात, जेवण होतं, साडेनऊ ही वेळ नेमकी होती. चार महिन्यांनी तुम्ही ती फक्त शनिवारी साडेदहाला नेलीत. मग रविवारी दुपारी १२ ला, जेव्हा ठाण्यातला माणूस मटणाच्या रांगेत असतो किंवा झोपलेला असतो. आता बुधवारी रात्री ११. आमच्याकडे पाणी पहाटे साडेपाचला येतं. बुधवारी ११ ला जागं राहून गुरुवारी साडेपाचला पंप चालू करणारा प्रेक्षक तुम्हाला हवा असेल तर तो मी एकटा आहे. यातल्या एकाही बदलाची आधी ठळक सूचना नव्हती. दर वेळी आम्ही जुन्या वेळेला बसलो आणि समोर कुणाची तरी हळद चालू होती.

२. पट्टी. या मालिकेत अर्धे विनोद मागच्या नोटीस बोर्डवर लिहिलेले असतात. कुणी त्यांच्याकडे बोट दाखवत नाही, बघणाऱ्याने बघायचे. ऐन त्या वेळी पडद्याच्या खालच्या बाजूने तुमच्या दुसऱ्या मालिकेच्या 'महाएपिसोड'ची पट्टी सरकत येते आणि सून थेट नोटीस बोर्डवर उभी राहते. जाहिरातींना नियमाने तासाला १२ मिनिटं आहेत, ती घ्या. त्याबद्दल तक्रार नाही. पण विनोदावर उभं राहून जाहिरात करू नका.

३. महासंगम. दांडियाच्या आठवड्यात तुमच्या रोजच्या मालिकेतलं सगळं कुटुंब या सोसायटीत भाड्याने राहायला आणलंत. यावर मी जास्त लिहीत नाही. लेखकांनी पुढच्या इतिवृत्तात त्याचा समाचार घेतलाच आहे : 'बाहेरील व्यक्तींनी संस्थेच्या आवारात विनापरवाना भावना व्यक्त केल्या.'

४. हशा. ही तक्रार बाकी सगळ्या मागे घ्यायला लावल्या तरी मी मागे घेणार नाही. पहिले काही महिने मालिकेत रेकॉर्ड केलेलं हसू नव्हतं. मग कुणीतरी ठरवलं असावं की प्रेक्षकांना कुठे हसायचं ते कळत नाही. वाक्य संपलं की हशा, दार उघडलं की हशा. तेही एक वेळ चाललं असतं. पण गेल्या महिन्यात जुने भाग पुन्हा दाखवताना तुम्ही त्यांच्यातही तो घातलात. पुनर्विकासाचा भाग लागला होता. आजींनी विचारलं, 'माझ्या खिडकीतून कोण दिसेल?' आणि मागे लोक हसले.

माझी आई ८१ वर्षांची आहे. तिने विचारलं, 'हे कोण हसतंय?'

याचं उत्तर मला देता आलं नाही. ते तुमच्याकडून हवं आहे.

तुम्हाला वाटेल, हा कोण माणूस, याला धंद्यातलं काय कळतं. फारसं नाही कळत. पण माझ्या मुलाने मला काही जुनी उदाहरणं शोधून दिली आहेत. १९६८ मध्ये अमेरिकेत 'स्टार ट्रेक' बंद होणार म्हटल्यावर प्रेक्षकांनी वाहिनीला पत्रांचे गठ्ठे पाठवले. तिसरं पर्व मिळालं, पण वाहिनीने ते शुक्रवारी रात्री १० ला नेऊन टाकलं आणि १९६९ मध्ये आकडे नाहीत म्हणून कारभार आटोपला. म्हणजे वेळ बदलायची युक्ती तुमची नाही, आमच्या लग्नापेक्षाही जुनी आहे. 'ब्रुकलिन नाइन-नाइन' ही विनोदी मालिका मे २०१८ मध्ये फॉक्सने बंद केली, दुसऱ्याच दिवशी एनबीसीने उचलली आणि ती २०२१ पर्यंत चालली. घराजवळचं उदाहरण 'साराभाई व्हर्सेस साराभाई'चं. २००४ ते २००६, स्टार वनवर, आकडे बेताचे. बंद झाल्यावर लोकांना ती सापडली, इतकी की २०१७ मध्ये तिचे नवे भाग इंटरनेटवर काढावे लागले. लोक उशिरा येतात. मराठीतही मी २००१ मध्ये 'श्रीयुत गंगाधर टिपरे' आठवड्याची वाट बघून बघितलेलं आहे. ती मालिका रोज नव्हती, म्हणूनच घरचं माणूस आठवड्याने भेटल्यासारखं वाटायचं.

आता माझ्या खात्यातला एक नियम तुम्हाला सांगतो. सहकारी संस्थेच्या सर्वसाधारण सभेला गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी लागते : एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यातली जी संख्या कमी असेल ती. ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासात गणपूर्ती झाली नाही तर सभा रद्द होत नाही. तहकूब होते. नोटिशीत लिहिलेल्या वेळी पुन्हा भरते आणि तेव्हा मात्र गणपूर्तीची अट नसते. जितके आलेत तितक्यांत कामकाज चालतं. आमच्या दर वर्षीच्या सभेची हीच कथा आहे. साडेदहाला सहाजण, ११ ला नऊजण, आणि त्या नऊजणांनी इमारतीला रंग दिला आहे, टाकी बांधली आहे, लिफ्ट बदलली आहे. हा नियम ज्यांनी केला त्यांना माणसांची चांगली माहिती असावी. नाटकवालेही तेच करतात. चाळीस तिकिटं गेली तरी तिसरी घंटा होते आणि पडदा वर जातो.

सबब, मागण्या पुढीलप्रमाणे :

(अ) मालिकेला एक ठरलेला वार आणि रात्री साडेनऊची वेळ सलग १३ आठवडे द्यावी. वेळ ठळकपणे आधी सांगावी. त्यानंतरचे आकडे जे येतील ते मी निमूट मान्य करीन.

(ब) रेकॉर्ड केलेला हशा काढावा. निदान जुन्या भागांतून तरी, आणि त्यातही खिडकीच्या भागातून आज.

(क) बंदच करायची असेल तर तसं प्रेक्षकांना आणि सेटवरच्या लोकांना स्पष्ट सांगावं, आणि लेखकांना शेवटचा भाग लिहून चित्रित करू द्यावा. मालिकेतल्या शेवटच्या सभेचं इतिवृत्त अजून वाचलं गेलेलं नाही. इतिवृत्त कायम न करता संस्था गुंडाळता येत नाही, हे मी उपनिबंधकांच्या वतीने सांगू शकतो.

(ड) सगळे भाग, मूळ आवाजासह, तुमच्या ॲपवर राहू द्यावेत. उशिरा येणाऱ्यांसाठी.

पैसे लागतात हे मला समजतं. खर्च कमी करायचा असेल तर भाग कमी करा. वर्षाला १२ केले तरी चालतील. 'फॉल्टी टॉवर्स' या ब्रिटिश विनोदी मालिकेचे १९७५ मध्ये सहा आणि १९७९ मध्ये सहा, असे मिळून १२ च भाग झाले, आणि लोक ते अजून बघतात. ही मालिका एका हॉलमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर घडते. एका हळदीच्या भागातल्या फुलांच्या खर्चात तिचा महिना निघेल, असा माझा अंदाज आहे. अंदाज चुकला तर अंदाजपत्रक पाठवा, मी तपासून देतो. त्याचेही पैसे घेणार नाही, मानदच आहे.

पत्राची पोच द्यावी, ही विनंती.

आपला,
मानद सचिव,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)

सोबत : सह्यांचा कागद, एक पान. एकूण २८ पैकी १९ घरांच्या सह्या. उपविधीप्रमाणे गणपूर्ती झालेली आहे. उरलेल्या नऊंचा तपशील : बंद घरं चार, मुलांकडे परदेशी गेलेले दोन, 'आम्ही टीव्हीच बघत नाही' म्हणणारे दोन (यांच्या खिडकीतून डक्टमध्ये सगळ्यात मोठ्याने हसू यायचं), आणि ३०४. मालिकेतला चेअरमन आपल्यावरून घेतला आहे असं ३०४ चं म्हणणं असून त्यांनी सही करण्यास नकार दिला आहे. त्यांच्या हरकतीची नोंद घेण्यात आली.